७०७५ प्रिंट का होत नाही? एका मोडक्या ब्रॅकेटची चौकशी

गोशिमा_व्हीएमसी

राम राम मंडळी. गोकुळ शिरगावात आपलं छोटं मशीनशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक टर्निंग. नव्वद टक्के काम कास्ट आयर्नचं. दिवाळीनंतर पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं ड्रोनच्या मोटर माउंटचा ब्रॅकेट दिला. मटेरियल ७०७५, म्हणजे जस्त घातलेलं तगडं ॲल्युमिनियम. कंडिशन टी६, म्हणजे तापवून पाण्यात विझवायचं आणि मग एजिंग, कमी तापमानाला ठेवून ताकद आणायची. सव्वा किलोचा ठोकळा घ्यायचा आणि कापून कापून दीडशे ग्रॅमचा ब्रॅकेट काढायचा, बाकी सगळी बुरी. तेही चाललं असतं. पण आता त्यांनी नवीन डिझाइन काढलंय. आतून पोकळ, झाडाच्या फांद्यांसारखे हात, कुठंही टूल पोचत नाही. म्हणे मेटल थ्रीडी प्रिंट करून घ्या.

बाहेर एका ठिकाणी तीन नमुने करून घेतले. त्यांच्याकडं ७०७५ ची पावडर नव्हती, एएल-एसआय-१०-एमजी (सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम) होती. ओढून बघितलं तर तिन्ही बोल्टच्या भोकापाशी मोडले, अपेक्षेच्या बरेच आधी. मग दुसरा एक जण म्हणाला, ७०७५ मध्येच करून देतो. दिला. दिसायला झकास. डीपी टेस्ट (रंग लावून चिरा शोधायची) केली तर लाल रेघाच रेघा, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ जसा.

प्रश्न सरळ आहे. प्रिंटिंगमध्ये तगडं ॲल्युमिनियम खरंच मिळतं का, की नुसती ब्रोशरमधली चित्रं?

कट_वाढा

पयला प्रतिसाद. कळलं काहीच नाही, पण ब्रॅकेट मोडला हे वाचून वाईट वाटलं.

वेल्डर_बंडू

भावा, ज्यानं ७०७५ प्रिंट करून देतो म्हटलं त्यानं कधी ७०७५ ला टिग वेल्डिंगचा टाका लावलेला नाही बघ.

मी लावलाय. कॉलेजच्या पोरांची रेसची गाडी होती, ७०७५ चा एक तुकडा घेऊन आली. मी नाही म्हणालो. "काका, उद्या स्पर्धा आहे." लावला. टाका काय देखणा आला होता! टॉर्च बाजूला ठेवला, हातमोजे काढतोय तोवर 'टिक' असा आवाज. टाक्याच्या मधोमध केसासारखी चीर, आणि डोळ्यांदेखत पुढं पळत गेली. पोरांची तोंडं बघवत नव्हती.

६०६१ हे दुसरं ॲल्युमिनियम, त्याला ४०४३ ची वेल्डिंगची तार वापरली की जमतं, त्या तारेत पाचेक टक्के सिलिकॉन असतं. ७०७५ ला कुठलीच तार धड नाही. आणि हे तुमचं लेझर प्रिंटिंग म्हणजे तरी काय, लेझरनं पावडर वितळवून बारीक टाक्यावर टाका, टाक्यावर टाका. एक टाका फुटतोय तिथं किलोमीटरभर टाके घातल्यावर काय उरणार?

धातुवेडी

बंडूदादांनी अर्धं उत्तर दिलंय. मी मूळची कोल्हापूरची, मेटलर्जी केलीय, सध्या बंगळूरला प्रिंटिंगमध्येच काम करते. उरलेलं अर्धं सांगते.

७०७५ घट्ट व्हायला ६३५ अंशाला लागतो आणि पुरता घट्ट होतो ४७७ ला. म्हणजे दीडशेहून जास्त अंश तो धड पातळ नाही, धड घट्ट नाही. गुऱ्हाळात गूळ आळताना दाणे धरतात आणि मधे काकवी राहते, तसं समजा. इथली काकवी म्हणजे जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं जास्त असलेला द्रव. ॲल्युमिनियम घट्ट होताना आकारमानानं सहा टक्क्यांच्या पुढं आकसतं. त्यात लेझरखाली दाणे तळातून वर असे लांबच लांब उभे वाढतात, आणि दोन दाण्यांच्या मधे या द्रवाची पातळ फिल्म अडकते. आकसताना ओढ बसली की ती फिल्म फाटते. तुमच्या डीपी टेस्टमधल्या रेघा त्याच. नमुना उभा कापून पॉलिश करून बघा, चिरा बहुतेक प्रिंटच्या दिशेनंच उभ्या दिसतील.

वर आणखी एक भानगड. जस्त ९०७ अंशाला उकळतं. लेझरच्या डबक्यात तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, त्यामुळं जस्त धुरावाटे उडून जातं. म्हणजे चिरा पडल्या नसत्या तरी पावडर ७०७५ ची आणि जॉब भलत्याच केमिस्ट्रीचा.

एएल-एसआय-१०-एमजी (पुढं नुसतं 'टेन एमजी' म्हणते) चा हा पट्टा जेमतेम चाळीस अंशांचा. शिवाय सिलिकॉनमुळं शेवटपर्यंत भरपूर पातळ द्रव शिल्लक राहतो, तो फटीत शिरून भरून काढतो. म्हणून सगळं जग टेन एमजी प्रिंट करतं. ताकदीसाठी नव्हे, फुटत नाही म्हणून.

मिसळ_बाय_डिफॉल्ट

काकवीचं उदाहरण आवडलं. आता भूक लागली.

ओतारी_आबा

धातुवेडी बाळ, छान लिहिलंस. मी अडतीस वर्षं ॲल्युमिनियम फाउंड्रीत काढली, शिरोलीला. एलएम ६, एलएम २५, एलएम २४, सगळं ओतलंय. लेझर मला कळत नाही, पण ते उभे दाणे मी डोळ्यानं बघितलेत.

भट्टीतला माल ओतायच्या आधी छोट्या कपात नमुना घ्यायचा, गार झाला की मधोमध कापायचा, घासायचा आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायचा. वर काळा थर येतो, तो धुतला की दाणा दिसतो. नुसता माल असेल तर कडेपासून आत उसाच्या कांडीसारखे उभे दाणे. टायबोरची कांडी टाकून ढवळून घेतला असेल तर सगळीकडं सारखा बारीक रवा. त्या रव्याच्या मालाला चिरा पडत नाहीत, रायझरमधनं (साच्यावरचा जादा मालाचा साठा) माल नीट ओढला जातो. टायबोरमध्ये टायटॅनियम आणि बोरॉन असतं, त्याचे बारीक कण मालात फिरतात आणि प्रत्येक कणावर एक दाणा धरतो. हजार ठिकाणी एकदम दाणा धरला की कुणालाच लांब वाढायला जागा राहत नाही.

आता माझा अडाणी प्रश्न. या पावडरीत कुणी टायबोर घालून बघितला नाही काय?

धातुवेडी

आबा, अडाणी कसला! या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारलात तुम्ही.

अमेरिकेत मालिबूला एचआरएल लॅबोरेटरीज आहे. त्यांनी २०१७ साली 'नेचर'मध्ये नेमकं हेच मांडलं. ७०७५ आणि ६०६१ च्या पावडरीच्या प्रत्येक कणावर झिर्कोनियमचे नॅनोकण चिकटवले. कुठले कण घ्यायचे ते शोधायला साडेचार हजारांवर जोड्या सॉफ्टवेअरनं चाळल्या. लेझरखाली झिर्कोनियम ॲल्युमिनियमशी मिळून एक संयुग करतं, त्याची अणूंची मांडणी ॲल्युमिनियमशी इतकी जुळते की दाणा त्याच्यावरच धरतो. उसाच्या कांड्या गेल्या, रवा आला, चिरा गेल्या. त्यातून निघालेली ७ए७७ ही मिश्रधातू २०१९ मध्ये अमेरिकेच्या ॲल्युमिनियम असोसिएशनकडं रीतसर नोंदवली गेली.

आणि तुमच्या टायबोरचा सख्खा नातूही आहे. ए२०एक्स म्हणून ब्रिटिश मिश्रधातू, ॲल्युमिनियम-तांबं आणि आत टायटॅनियम डायबोराइडचे कण. आधी ओतकामासाठीच काढली होती, मग पावडर झाली. हीट ट्रीटमेंटनंतर ताकद ५०० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास जाते.

ओतारी_आबा

बघा. आम्ही कांडी टाकून ढवळत होतो तेव्हा कुणी 'नेचर'मध्ये छापलं नाही. 🙂

कट_वाढा

आबा, तुमचं आत्मचरित्र 'रवा आणि ऊस' या नावानं काढू या. कागल नाक्यावर प्रकाशन.

म्युनिककर_कोल्हापुरी

इकडं जर्मनीत आमच्या सर्व्हिस ब्युरोत तगडं ॲल्युमिनियम म्हटलं की गिऱ्हाईक एकच नाव घेतं, स्कालमॅलॉय. एअरबस ग्रुपनं काढलेली मिश्रधातू, मॅग्नेशियम, स्कँडियम, झिर्कोनियम. ५०० मेगापास्कलच्या पुढं ताकद आणि वर दहा टक्क्यांहून जास्त लांबते, म्हणजे टेन एमजीसारखी कट्कन मोडत नाही. २०१६ मध्ये त्यांनी 'लाइट रायडर' नावाची इलेक्ट्रिक मोटरसायकल दाखवली होती. फ्रेम सहा किलो, अख्खी गाडी ३५ किलो.

बुलेट_३५०_राजा

३५ किलो?? आमच्या बुलेटच्या वजनात पाच बसल्या की. पण आवाज येत नसंल तर उपयोग काय? महाद्वार रोडला माणसं बाजूला कशी व्हायची?

म्युनिककर_कोल्हापुरी

किंमत ५० हजार युरो होती. ती ऐकून माणसं आपोआप बाजूला होतात.

निवृत्त_मास्तर

स्कँडियमचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली, राहवत नाही.

मेंडेलीव्हनं आवर्त सारणी मांडली तेव्हा काही घरं रिकामी सोडली आणि तिथं येणाऱ्या, अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांना चक्क संस्कृत उपसर्ग लावून नावं दिली. 'एका-बोरॉन', 'एका-ॲल्युमिनियम', 'एका-सिलिकॉन'. एका म्हणजे आपलं एक, एक घर पुढचं. १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सननं जे मूलद्रव्य शोधलं ते या एका-बोरॉनच्या घरात बरोबर बसलं. तेच स्कँडियम. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आबांच्या टायबोरमध्ये बोरॉन आणि जर्मनीच्या मोटरसायकलमध्ये एका-बोरॉन. असो, मूळ विषय चालू द्या.

रंकाळा_कट्टा

मास्तर, मस्त. पण मी जरा पाणी ओततो.

स्कँडियम महाग, आर्गॉन महाग, मशीनला कोटीत पैसे, पावडर परदेशातनं. आणि बनवायचा काय, तर दीडशे ग्रॅमचा ब्रॅकेट. ठोकळ्यातनं कापल्यावर जी बुरी निघते ती भंगारात परत विकता येते की. ज्याला विमान उडवायचंय त्यानं करावं. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवून आपण मोठे झालो, ते काय स्कँडियम घालून नव्हे. फाउंड्रीवाल्यानं फार तर वाळूचे साचे आणि कोअर प्रिंट करावेत, पॅटर्नचा खर्च वाचतो, ते पटतंय. धातू प्रिंट करायचा नाद आपला नव्हे.

म्युनिककर_कोल्हापुरी

कट्टासाहेब, बुरीचा हिशेब उलटाही होतो. इस्रोनं पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं पीएस४ इंजिन प्रिंट करून ९ मे २०२४ ला ६६५ सेकंद पेटवून बघितलं. पूर्वी १४ भाग आणि त्यांचे १९ वेल्ड, आता एकच तुकडा. पूर्वी ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्रा लागायचा, आता १३.७ किलो पावडर. ते ॲल्युमिनियम नव्हे हे मान्य, पण हिशेब बघा.

रंकाळा_कट्टा

इस्रोचं इंजिन वर जातं. आमचा माल टेम्पोतनं कागलला जातो.

धातुवेडी

😄 पण एक मुद्दा राहिला, तो सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

आपण सगळे "७०७५ कसा प्रिंट करायचा" असं विचारतोय. ७०७५ जन्माला आला तो लाटण्यासाठी आणि फोर्जिंगसाठी. सावकाश ओतायचा, लाटायचा, तापवून पाण्यात विझवायचा, मग एजिंग. प्रिंटरमध्ये यातलं काहीच नाही. तिथं धातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगानं गार होतो. हा वेग चिरांसाठी वाईट, पण एका बाबतीत सोन्यासारखा: एरवी ॲल्युमिनियममध्ये विरघळणारच नाही इतकं स्कँडियम आणि झिर्कोनियम त्यात कोंडून ठेवता येतं. फाउंड्रीत तेवढं घातलंत तर जाड खडे होऊन पडेल. प्रिंटमध्ये ते कोंडलेलं राहतं, नंतर ३२५ अंशाला काही तास ठेवलं की अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सगळीकडं सारखं बाहेर येतं, आणि ताकद त्या कणांची.

पाण्यात विझवायची गरजच नाही. गोशिमादादा, तुमच्या त्या फांद्यांसारख्या पातळ हातांचा ब्रॅकेट ५०० अंशांवरनं पाण्यात टाकला तर काय आकार होईल, विचार करा. म्हणून जुनी मिश्रधातू नव्या मशीनमध्ये कोंबण्यापेक्षा मशीनचा स्वभाव ओळखून नवी बांधणं मला जास्त पटतं. ७ए७७ हुशारीचं काम आहे, पण तिलाही पुढं हीट ट्रीटमेंटचं जुनं लोढणं आहेच.

पावडर_रूम

मी दिवसभर हीच पावडर हाताळतो, म्हणून दोन गोष्टी, कारण कुणीतरी उद्या शेडमध्ये मशीन टाकेल.

एक, आग. कण वीस ते साठ मायक्रॉनचे, दिसायला राखाडी, हातमोज्यावरून पाण्यासारखे ओघळतात. हवेत उडाले आणि ठिणगी मिळाली तर स्फोट. साधा व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही, सगळ्याला अर्थिंग लागतं. पेटलीच तर पाणी मारायचं नाही, पाण्यातनं हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. धातूच्या आगीचं वेगळं एक्स्टिंग्विशर, नाहीतर कोरडी वाळू. नवीन पोरगा आला की मी पहिल्या दिवशी त्याला फक्त वाळूची बादली दाखवतो, मशीन दुसऱ्या दिवशी.

दोन, पाऊस. जुलैत पन्हाळ्याकडनं ढग खाली आले की आपल्याकडं भिंतीसुद्धा घाम गाळतात. ॲल्युमिनियमची पावडर ती ओल धरते, लेझरखाली त्याचा हायड्रोजन होतो आणि जॉबमध्ये गोल गोल भोकं राहतात. पावडर वाळवूनच घ्यायची.

ओतारी_आबा

आम्हीपण पावसाळ्यात डीगॅसिंगच्या, म्हणजे मालातला वायू काढायच्या गोळ्या जास्त टाकायचो. ओलीची कटकट तीच.

वेल्डर_बंडू

आणि आम्ही तार कपाटात बल्ब लावून ठेवतो.

मिसळ_बाय_डिफॉल्ट

आम्ही पापड.

धातुवेडी

गोशिमादादा, तुमच्या पहिल्या पोस्टवर परत येते. धागा कुठल्या कुठं गेला, पण एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. टेन एमजीचे नमुने "अपेक्षेच्या बरेच आधी" मोडले म्हणालात. अपेक्षा कुठल्या आकड्याची होती? आणि प्रिंट झाल्यावर हीट ट्रीटमेंट काय केली होती?

गोशिमा_व्हीएमसी

ताई, अपेक्षा गिऱ्हाइकाच्या ॲनालिसिसची. त्यात काय धरलंय विचारतो. हीट ट्रीटमेंट ड्रॉइंगप्रमाणं.

धातुवेडी

ड्रॉइंगवर टी६ लिहिलंय ना? पहिल्या ओळीत तुम्हीच लिहिलंय.

गोशिमा_व्हीएमसी

थांबा. चलन बघतो.

कट_वाढा

पोपट होणार असं दिसतंय. कुणीतरी खारे शेंगदाणे आणा.

धातुवेडी

चलन मिळेपर्यंत सांगून ठेवते. टेन एमजी प्रिंटरमधनं जसा निघतो तसाच सगळ्यात तगडा असतो. सिलिकॉनची अर्ध्या मायक्रॉनची जाळी असते आत, कोळ्याच्या जाळ्यासारखी, तीच वजन पेलते. ताणात ४५० मेगापास्कलच्या आसपास तुटतो. टी६ साठी ५०० च्या वर तापवलं की जाळी मोडते, सिलिकॉनचे जाड गोळे होतात आणि ताकद ३०० च्या आसपास येते. ओतलेल्या मालाला टी६ नं ताकद येते, प्रिंट केलेल्या टेन एमजीची जाते. फाउंड्रीतनं आलेल्या माणसाला हे पटतच नाही.

ओतारी_आबा

मला अजून पटलेलं नाही. एलएम २५ ला टी६ केल्यावर ताकद दुणावलेली मी स्वतः बघितलीय.

धातुवेडी

आबा, तुमच्या एलएम २५ मध्ये सिलिकॉन मुळातच जाड असतं, टी६ त्याला गोल करतं आणि मॅग्नेशियमला कामाला लावतं. इथं जे आधीच बारीक आहे ते जाड होतं. दोन्ही खरं.

गोशिमा_व्हीएमसी

दोन दिवस गायब होतो. आता कबुलीजबाब.

चलनावर स्वच्छ लिहिलंय: हीट ट्रीटमेंट टी६, ड्रॉइंगप्रमाणे. पीओला (ऑर्डरच्या कागदाला) ७०७५ चं जुनं ड्रॉइंग मीच जोडलं होतं. मटेरियलची ओळ बदलली, खालची टी६ ची ओळ तशीच राहिली. प्रिंटवाल्यानं इमानदारीत केलं. त्याला फोन करून सॉरी म्हणालो.

खात्रीसाठी हार्डनेस घेतला. मोडलेल्या ब्रॅकेटचा सपाट भाग घासून ब्रिनेलखाली (गोळी दाबून ठसा मोजायचं मशीन, आकडा कमी तितका माल मऊ) धरला: ९४. मग आठवलं, त्यांनी प्लेटवर सोबत छापलेला एक तुकडा हीट ट्रीटमेंटला न पाठवता पाकिटात टाकून दिला होता. तो घेतला: ११९. दोन्ही ठसे शेजारी ठेवून भिंगातनं बघितले, ब्रॅकेटवरचा खड्डा नुसत्या डोळ्याला मोठा दिसतोय. ॲनालिसिसमध्ये पण घोळ निघाला. त्यांनी ७०७५ ची ५०० ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो) धरून हात बारीक केले होते.

आता ठरलंय ते असं. पहिले वीस नग जुन्या डिझाइनचे, ठोकळ्यातनं, आपल्याच व्हीएमसीवर. कट्टासाहेब खूश. नवीन डिझाइन टेन एमजीमध्येच, टी६ नाही, नुसतं १६० अंशांवर एजिंग. हात जाड करून, यील्ड अडीचशे धरून, भोकाच्या कडेला मोठा रेडियस देऊन. वजन वाढतंय, पण ठोकळ्यापेक्षा तरीही कमीच. स्कालमॅलॉयचा कोट मागवला होता. आकडा इथं लिहीत नाही, घरची मंडळी हा धागा वाचतात.

धातुवेडी

बरोबर वाटतंय. नमुने छापताना भोकाचा भाग प्लेटवर कुठल्या दिशेला येतो तेही विचारा, आणि भोक छापून न घेता नंतर मशीन करा. छापलेला पृष्ठभाग खरबरीत असतो, थकव्याची चीर तिथनंच निघते. भोक मशीन करायला तर तुमच्याकडं दोन व्हीएमसी आहेतच.

रंकाळा_कट्टा

म्हणजे शेवटी व्हीएमसीच कामाला आली. मी काय म्हणत होतो?

वेल्डर_बंडू

तू म्हणत होतास नाद करू नका. त्यानं केला, आणि दोन्ही ऑर्डरी घेतल्या.

ओतारी_आबा

गोशिमा, तो मोडका ब्रॅकेट आणि पाकिटातला तुकडा भंगारात टाकू नकोस. रविवारी घरी घेऊन ये. कॉस्टिकचं पाणी मी करून ठेवतो. जाळी एवढ्यानं दिसणार नाही हे कळतंय मला, पण दोन्ही एकदा बुडवून तर बघू.

मिसळ_बाय_डिफॉल्ट

रविवारी किती वाजता? येताना पाव आणतो.